भिंतीवर लागलेली आराबा

आराबा पुन्हा जुन्या चुलाणावर बसायला लागली आहे, ही गोष्ट फिलोमिनाच्या मनातून काही केल्या जाईना. शनिवारी ती स्वतःच्या डोळ्यांनी बघून आली होती. एन्सुआनो गावाच्या किनाऱ्यावर, झावळ्यांनी तिन्ही बाजूंनी बंद केलेल्या त्या खोपटात आराबा ओणवी होऊन मासळीच्या धुरीसाठी लाकडं सारत होती, आणि धूर वर जायच्या ऐवजी तिच्या नाकातोंडातूनच वाट काढत होता. चार पावलांवर विद्यापीठानं बांधून दिलेली धुराड्याची चूल गार पडली होती. तिच्यावर कुणीतरी मक्याचे केंके गुंडाळायची केळीची पानं वाळत घातली होती.

आराबाला खोकल्याची उबळ आली. आधी कोरडी, मग खोल आतून, आणि मग असा एक क्षण की आता श्वास परत येतो की नाही. फिलोमिनाचा जीव टांगणीला लागला. श्वास आला. आराबानं डोळे पुसले आणि तारल्या उलटायला घेतल्या, जसं काही झालंच नाही.

फिलोमिनाच्या मुलीनं, मान्सानं, तिला मागेच बजावलं होतं, "मा, आंटी आराबाची फुप्फुसं निम्मी गेलीत. उरली आहेत त्यांवर त्या म्हातारपण काढतील, पण धूर थांबला तर. पुन्हा धुरात बसल्या तर मी काही सांगू शकत नाही."

आणि आराबा पुन्हा धुरात बसली होती, ती फिलोमिनामुळे. हे जगात तीनच बायकांना ठाऊक होतं. चौथी होती मान्सा, पण मान्सानं ते स्वतःच्या अंगावर घेतलं होतं.

फिलोमिना केप कोस्टच्या एका मुलींच्या शाळेत गृहशास्त्र शिकवते. तिथल्या मेथडिस्ट चर्चच्या महिला मंडळाची ती प्रमुख. पण तिचा जन्म एन्सुआनोचा, आराबाच्या शेजारच्या अंगणातला. आराबा तिच्याहून थोडी मोठी. दोघी एकाच शाळेत जायच्या, आणि खरं सांगायचं तर गणितात आराबा पुढे होती. पाचवीत असताना तारलीचा मोठा हंगाम आला. आराबाच्या आईला हात कमी पडले. "एवढ्या हंगामापुरती घरी राहा," आई म्हणाली. हंगाम संपला, पण आराबा शाळेत परत आली नाही. फिलोमिना एकटीच जाऊ लागली. वाटेवर आराबा चुलाणापाशी दिसायची, आणि हातातली लाकडं टाकून ओरडायची, "आज काय शिकवलं गं?" फिलोमिना सांगायची. पुढे पुढे घाई असायची, तेव्हा नुसता हात हलवायची.

आराबाचं लग्न एबोशी झालं. हा एबो होडीवर वल्ही मारणारा, गडी देखणा, पण पाय घरात ठरत नसत. तो परदेशी, आबिजानला मासेमारीला गेला आणि दोन वर्षांनी एक रेडिओ आणि दुसरी बायको घेऊन आला. साऱ्या आळीनं दारात गर्दी केली. आराबानं दोन्हींकडे नीट बघून घेतलं आणि म्हणाली, "रेडिओ ठेव. तिला परत पाठव." एबोनं उलटं केलं: रेडिओ विकला आणि बायको ठेवली. ही हकिगत आराबा स्वतःच रंगवून सांगायची, आणि शेवटी म्हणायची, "वाईट एवढंच वाटलं की रेडिओ चांगला होता."

चार पोरं तिनं मासळीला धुरी देऊन वाढवली. पहाटे होड्या लागल्या की गुडघाभर पाण्यात जाऊन भाव करायचा, दिवसभर चुलाणं, आणि टोपल्या भरल्या की लॉरीच्या टपाजवळ बसून कुमासीचा बाजार. एकदा अर्ध्या रस्त्यात लॉरी बंद पडली, तर हिनं तिथंच टोपली उघडून लॉरीतल्याच उतारूंना मासळी विकली, वर ड्रायव्हरला म्हणाली, "उद्या पण इथंच बंद पाड." चर्चमध्ये ती सगळ्यांत मोठ्यानं गायची आणि कधीच सुरात नसायची. गावात प्रत्येकाला तिनं एक नाव ठेवलेलं. फिलोमिनाला नोकरी लागली त्या दिवसापासून ती तिला 'टीचर' म्हणते.

फिलोमिनाचा नवरा गेला तेव्हा आराबा मासळीची टोपली घेऊन आली, आणि माणसं पांगली तरी गेली नाही. भांडी घासली, येणाऱ्याजाणाऱ्यांना जेवू घातलं, रात्री जमिनीवर चटई टाकून झोपली. "माझा नवरा गेला तेव्हा तो जिवंत होता," ती म्हणाली होती, "त्यामुळे कुणी आलंच नाही गं माझ्याकडे. तुझा नीट गेला. तू नीट रडून घे." एवढ्या दुःखातही फिलोमिना हसली होती.

तर मान्सा विद्यापीठात पुढचं शिकत होती आणि तिनं विषय घेतला होता मासळीच्या धुराचा: हा धूर बायकांच्या छातीत काय करतो, आणि नवी चूल आली तर बायका ती वापरतात की नाही. अर्धं काम फुप्फुसांचं, अर्धं माणसांच्या मनाचं. पण एन्सुआनोच्या बायका असल्या लोकांना कंटाळल्या होत्या. दर काही वर्षांनी कुणीतरी यायचं, प्रश्न विचारायचं, साबणाची वडी द्यायचं आणि नाहीसं व्हायचं.

"मा, तुला तिथं सगळे ओळखतात," मान्सा म्हणाली. "एक दार उघडून दे. बाकीचं मी बघते."

फिलोमिनानं आराबाचं दार उघडून दिलं.

"काय विचारणार तुझी पोर?" आराबानं विचारलं. "वय विचारेल, पोरं विचारेल, धूर विचारेल. मागच्या वेळी एक आला होता, तो म्हणाला, तुम्ही किती सुखी आहात ते एक ते पाचमध्ये सांगा. मी म्हटलं, बाबा, आज तारली किती लागली ते आधी बघून ये."

पण तिनं हो म्हटलं, आणि तिच्या एका शब्दावर अख्खी आळी आली. मान्साच्या यंत्राच्या नळीत जोरानं फुंकायचं होतं. बायका रांगेत उभ्या राहून हसून हसून बेजार झाल्या. "अशी फुंकर एबोच्या कानात घातली असती," आराबा म्हणाली, "तर तो आबिजानला गेलाच नसता." मग तिनं नळी तोंडाला लावली. काटा जेमतेम हलला. ती पुन्हा म्हणाली, "थांब, मला हसू येतंय म्हणून." पुन्हा तेच झालं. तिसऱ्यांदा ती हसत नव्हती.

पुढे नव्या चुली आल्या. उंच धुराड्याच्या, दारात तोंड न घालता लाकूड सारता येईल अशा. पहिल्यांदा मासळीला रंग चढेना, कुमासीची गिऱ्हाइकं नाकं मुरडू लागली. महिनाभर भांडून, जाळ्या खालीवर करून बायकांनी तेही जमवलं. आराबाचा खोकला निम्म्यावर आला. रात्री झोप लागते म्हणाली. वर्षाच्या शेवटी मान्सा म्हणाली, "मा, या वेळी आम्ही नुसतं पुस्तकात लिहून ठेवणार नाही. निकाल गावाला परत द्यायचा. एक मोठा कागद छापू, त्यावर आंटी आराबाची गोष्ट आणि त्यांचा फोटो. बाकीच्या गावांतल्या बायका बघतील."

इथं फिलोमिना मध्ये पडली.

मान्साच्या फोनमध्ये आराबाचे पुष्कळ फोटो होते. सगळे चुलाणापाशी. अंगावर भोकं पडलेला पुरुषी सदरा, डोळ्यांतून पाणी, गालांवर काजळी, तोंड उघडं. एका फोटोत ती मान्साला जीभ दाखवत होती. फिलोमिनाला ते बघवेना.

"हे छापणार? अगं, लोकांनी आपल्या माणसांना असंच बघितलंय आजवर. फाटक्यात, रडताना. तिला नीट बसव. तिच्याकडे चांगलं कापड आहे."

"मग तूच चल," मान्सा म्हणाली.

ती गेली. आराबानं चर्चच्या वाढदिवसाला शिवलेलं काळ्यापांढऱ्या नक्षीचं कापड नेसलं, डोक्याला तसाच रुमाल बांधला. फिलोमिनानं घरातली एकुलती लाकडी खुर्ची अंगणात आणली, मागे दोरीवर चादर टांगली. "मान वर," ती म्हणाली, वर्गात म्हणावं तशी. "हात मांडीवर. हसू नकोस."

"का गं? हसले तर कागद फाटेल?"

"भारदस्त दिसायला हवं. हसू नकोस म्हणते ना!"

आराबा हसली नाही. फोटो खरंच सुंदर आला. मागच्या खोलीत तिची आई होती. डोळे गेलेली, नव्वदीच्या घरातली म्हातारी. तिथून तिनं हाक मारून विचारलं, "काय चाललंय बाहेर?" "मला राणी करतायत, आई," आराबानं उत्तर दिलं.

छापखान्यात रंगीत शाई संपलेली होती, म्हणून कागद काळ्यापांढऱ्यात छापला. छापणाऱ्यानं विचारलं, "कडेनं काठ लावू? नेहमीचा?" मान्सा कँपसवर वाढलेली. 'लावा' म्हणाली. वर मोठ्या अक्षरांत नाव: आराबा एसुमान. खाली वय. त्याखाली बारीक अक्षरांत धुराची सगळी गोष्ट, जी कुणी वाचली नसती तरी चाललं असतं. मान्सानं कागद आईला दाखवला. फिलोमिनानं शब्द न् शब्द तपासला, एक चूक दुरुस्त केली.

"लावू कुठे?"

"लॉरी अड्ड्याच्या भिंतीवर," फिलोमिना म्हणाली. "तिथं सगळे थांबून वाचतात."

काय वाचतात, याचा तिनं विचार केला नाही. ती स्वतः त्या भिंतीसमोर लहानपणापासून थांबत आली होती. तिच्या नवऱ्याचा मयताचा कागद त्याच भिंतीवर लागला होता: खुर्चीत बसलेला, हात मांडीवर, वर नाव, खाली वय, कडेनं काळा काठ. दर आठवड्याला तिथं गावातलं कुणी ना कुणी असंच बसलेलं असतं, आणि शनिवारी सकाळी माणसं सुतकाचे काळेलाल कपडे चढवून आधी ती भिंत बघतात, मग कुठल्या घरी रडायला जायचं ते ठरवतात.

कागद शुक्रवारी संध्याकाळी लागला. उजाडला तो शनिवार.

सकाळी आराबा किनाऱ्यावर होती, टोपली कमरेला लावून होडीवाल्याशी हुज्जत घालत. तिच्या घराकडून रडण्याचा गलका आला. "कोण गेलं गं?" तिनं शेजारणीला विचारलं. शेजारीण तिच्याकडे बघून किंचाळली आणि वाळूत बसलीच. घरी अंगण भरलं होतं. आतेबहिणी, चर्चच्या बायका, लॉरीचे ड्रायव्हर. सगळ्यांत मोठ्यानं रडत होती एबोची ती दुसरी बायको. कुणीतरी भिंतीचा फोटो काढून टेमाला पाठवला होता आणि आराबाचा तिथला भाऊ गाडी करून निघालाही होता. कुमासीला तिची थोरली लेक बाजारातच कोसळली.

आराबा कमरेवर हात ठेवून अंगणाच्या मधोमध उभी राहिली. "रडा," ती म्हणाली. "थांबलात का? रडा की. कोण किती रडतं ते मला बघून ठेवू दे. आणि तू गं," ती सवतीला म्हणाली, "तू एवढी रडतेस, म्हणजे तो रेडिओ तुझ्याकडेच आहे."

लोक हसले, रडले, तिला हात लावून बघू लागले. तेवढ्यावर ती गोष्ट मिटली असती. गावानं वर्षानुवर्षं हसून सांगितली असती.

दुपारी आराबा आईला जेवण घेऊन आत गेली. म्हातारीनं सगळा आक्रोश ऐकला होता. तिला कुणी काही समजावलं नव्हतं, सगळे बाहेर हसत होते.

"कोण आहेस?" तिनं दारातूनच विचारलं.

"मी, आराबा."

"आराबाचं तर रडून झालं," म्हातारी म्हणाली, आणि हात अंगाशी ओढून घेतले.

मेलेल्या माणसाच्या हातचं खाल्लं की तो आपल्याला घेऊन जातो, हे तिकडे लहान पोरालाही माहीत असतं. म्हातारीनं त्या दिवसापासून लेकीच्या हातचं खाल्लं नाही. शेजारीण भरवेल तर दोन घास खायची. आराबा जवळ आली की भिंतीकडे तोंड वळवायची. आराबाचं हसणं तिथं संपलं.

मंगळवारी कुणी समुद्रात जात नाही, म्हणून गावचे तंटे त्या दिवशी सुटतात. कोंकोहेमा म्हणजे मासळी विकणाऱ्या बायकांची राणी, भाव तीच फोडते आणि भांडणंही तीच मिटवते. तिनं बैठक बोलावली. विद्यापीठाच्या वतीनं मान्सा आणि तिचे सर आले. मुलीची आई म्हणून फिलोमिना बाजूच्या बाकावर बसली.

"जिवंत बाईला भिंतीवर कुणी बसवलं?" कोंकोहेमानं विचारलं.

"मी," मान्सा म्हणाली.

"फोटो कुणी निवडला?"

"मीच."

"एवढं शिकवून हेच शिकवलं का तुला? आमच्या घरातलं कुत्रंसुद्धा ती भिंत ओळखतं!"

फिलोमिना बाकावर पुढे सरकली. बोलेन, आत्ता बोलेन, असं ती करते तोवर मान्सा गुडघ्यांवर बसली. चूक फेडायच्या रीतीप्रमाणे श्नॅप्स दारूची बाटली पुढे ठेवली गेली. पाम तेलात कालवलेला कंद आणि उकडलेली अंडी मान्सानं आपल्या हातानं आराबाला भरवली, मनगटाला पांढरी माती लावली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "आंटी आराबा जिवंत आहेत. मी चुकले. माझा कागद मी परत घेते." ती रडत होती. आराबानं अंडं गिळलं. मग तिनं मान वळवून एकदाच फिलोमिनाकडे बघितलं. ती रागानं बघत नव्हती, वाट बघत होती. फिलोमिनानं नजर पायांकडे नेली, आणि आराबा पुन्हा समोर बघू लागली. तिनं एका अक्षरानंही सांगितलं नाही की खुर्ची कुणी आणली होती.

पुढे विद्यापीठात चौकशी समिती बसली. तिथंही मान्सानं लिहून दिलं की सगळं तिनंच ठरवलं, बाहेरच्या कुणाचा हात नव्हता. ताकीद देऊन तिला सोडलं. पदवी वाचली.

आणि आता ऑगस्ट आला होता. तारली नुसती उसळत होती, आणि आराबा जुन्या खोपटात बसली होती.

"ती चूल का पेटवत नाहीस?" शनिवारी फिलोमिनानं विचारलं होतं.

"ती तुमची आहे, टीचर."

"आमची कशी? तुझ्यासाठी बांधली."

"ज्यांनी मला पुरलं त्यांच्या चुलीवर बसू?"

"अगं, पण ते सगळं फेडून झालं. मान्सानं अंडी भरवली, तू खाल्लीस."

"खाल्ली. पोरगी गुणाची आहे." आराबानं लाकूड आत ढकललं. धुराचा लोट आला, ती खोकली, सावरली. "पण ते अंडं घशाखाली उतरून तिथंच अडकलंय बघ. आईनं अजून माझ्या हातचं पाणी घेतलं नाही. तुझ्या चुलीवर मासळी छान होते. झोपही छान लागते. पण त्या चुलीकडे गेले की मला वाटतं, मी खरंच मेलेय आणि तुम्ही मला छान झोपवलंय."

"आईला मी समजावू का?"

आराबानं त्या दिवशी पहिल्यांदाच तिच्याकडे सरळ बघितलं. "जा की," ती म्हणाली. "बघ काय म्हणते."

मागच्या खोलीत म्हातारी भिंतीला टेकून बसली होती. हातापायांच्या नुसत्या काड्या झालेल्या.

"कोण?"

"मी फिलोमिना, आई. शेजारची. आराबा जिवंत आहे, आई. ती चूक होती. कागदाची चूक."

"बोल अजून."

"काय बोलू?"

"काहीही. आवाज ऐकू दे." ती मान तिरकी करून ऐकत राहिली. मग तिच्या बोळक्या तोंडातून फिलोमिनाचाच सूर आला, वर्गातला, हुकमाचा: "मान वर. हात मांडीवर. हसू नकोस."

फिलोमिना दाराकडे मागे सरकली.

"कबुली दिली त्या पोरीचा आवाज हा नव्हता," म्हातारी म्हणाली. "तिला माझ्याकडे आणलं होतं, मी ऐकलाय. ती कुणाचं तरी झाकून घेत होती. ते मला नकोय. माझ्या लेकीला जिनं त्या खुर्चीत बसवलं, तिनं चारचौघांत यावं आणि ऊठ म्हणावं. मग मी लेकीच्या हातचं खाईन. तोवर ती मेलेली आणि मी पण मेलेली. तू कोण म्हणालीस?"

"फिलोमिना."

"हं. फिलोमिना."

तेव्हाच सांगून टाकायचं होतं. ती 'येते आई' म्हणाली आणि बाहेर पडली. आराबानं नेहमीसारखी धुरीची मासळी पानात बांधून हातात दिली. फिलोमिनानं ती घेतलीही. लॉरीत बसल्यावर तिला स्वतःची शिसारी आली.

रविवारी चर्चनंतर तिनं मान्साला फोन केला, आणि म्हातारी काय म्हणाली ते सगळं सांगितलं.

"मा, ऐक," मान्सा म्हणाली. "तू आता तोंड उघडलंस तर समितीला मी खोटं लिहून दिलं असं होईल. पुन्हा सगळं उकरतील. आणि तू मंडळाची प्रमुख आहेस, लोक काय बोलतील? मी घेतलंय ना अंगावर? मला काही जड जात नाही."

"पण आराबाचा खोकला..."

"मी जाईन त्यांच्याकडे, चुलीचं पुन्हा समजावीन. तू त्रास करून घेऊ नकोस. आई आहेस ना माझी? मग माझ्यासाठी गप्प राहा."

"बरं," फिलोमिना म्हणाली. आणि फोन ठेवताना तिला हलकं वाटलं. छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलल्यासारखं. त्या हलकेपणानंच रात्रभर तिला डोळा लागू दिला नाही.

सोमवारी शाळेला सुट्टी होती. ती दुपारभर घरात येरझारा घालत राहिली. मुलीसाठी गप्प बसते आहे, असं ती स्वतःला सांगत आली होती. आईनं मुलीसाठी काय काय करावं लागतं, असं म्हणून तिनं स्वतःची समजूत घातली होती. पण बैठकीच्या दिवशी तिच्या मनात समितीचं नावही नव्हतं. समिती तेव्हा बसलीसुद्धा नव्हती. तिच्या मनात होत्या समोरच्या त्या बायका, ज्या तिला टीचर म्हणतात, ज्यांच्या पोरींना ती शिस्त लावते, आणि ज्या म्हणाल्या असत्या: हिला भिंत ओळखू आली नाही! शिकून शिकून ही आपल्यातली उरलीच नाही. तेवढंच होतं. तेवढ्याचसाठी तिनं पोटच्या पोरीला गुडघ्यांवर बसू दिलं होतं.

आणि पोरगी म्हणते, जड जात नाही. चोविसाव्या वर्षी काय कळतं, काय जड जातं ते.

भारदस्त दिसायला हवं, असं ती म्हणाली होती. कुणाला? आराबाला तर जीभ दाखवलेला फोटो आवडला होता. 'हाच छाप,' असं म्हणाली होती ती, 'सगळे ओळखतील.' त्या फोटोवर एकाही माणसानं डोळ्याला पदर लावला नसता. आराबाच्या काजळीची लाज आराबाला नव्हती.

मान्सा रागावेल. रागावू दे. समितीपुढे जावं लागलं तर तिच्याबरोबर आपण जाऊ, लिहून देऊ, हात जोडू. ताकिदीच्या जागी काहीतरी मोठं आलं तर वर्ष जाईल. वर्ष परत मिळवता येतं. आराबाच्या छातीत किती वर्षं उरली आहेत ते कुणाला ठाऊक? आणि त्या खोलीतल्या म्हातारीकडे तर उद्या आहे की नाही तेही ठाऊक नाही. ती लेकीला मेलेली समजून गेली, तर मग कुणी कितीही गुडघ्यांवर बसो.

उद्या मंगळवार. बैठकीत गाऱ्हाणं घालायचं तर आदल्या दिवशी, होड्या रात्रीसाठी वर ओढायच्या आत, कोंकोहेमाला कळवावं लागतं. तिनं फोन उचलला. यादीत सगळ्यांत वर मान्साचं नाव होतं. बोट तिथं थांबलं. आधी तिला सांगावं हे बरं. पण मान्सा समजूत घालेल, आणि आपल्याला पटेल, हे ती स्वतःबद्दल आता ओळखून होती. म्हणून तिनं मान्साचं नाव वर सरकवून नजरेआड केलं. कोंकोहेमाला काय सांगायचं ते तिनं मनाशी एकदा म्हणून बघितलं: उद्याची बैठक तुमच्या अंगणात नको, आराबाच्या आईच्या दारात घ्या, आणि अंडी मी आणते. मग तिनं नंबर लावला.